तेल पाजलेली खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी सरकती खिडकी आहे. सरकणे एवढेच माझे काम, आणि नेमके तेच मला जमेनासे झाले होते. ते दिवस आठवले की आजही मला लाज वाटते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापून माझी चौकट जोडली, तावदानात काच बसवली आणि तावदानाच्या पोटाखाली दोन छोटी चाके लावली. मग तळमजल्यावरच्या एका खोलीत, रस्त्याच्या बाजूला माझी नेमणूक झाली. तेव्हा मी एका बोटाने सरकत असे. पाहुणे कौतुक करत आणि मी फुगून जाई.

त्या खोलीत घरातल्या आजींचा पलंग होता. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांचे फिरणे बंद झाले होते. रोज संध्याकाळी पलीकडच्या इमारतीतल्या शिवणकाम करणाऱ्या काकू माझ्यापाशी येऊन उभ्या राहत, आणि दोघी मैत्रिणींच्या गप्पांना नुसता ऊत येई. कुणाच्या सुनेने काय केले इथपासून कुणाची दाढ दुखते इथपर्यंत सगळे मला तोंडपाठ होते.

आजींचा मुलगा चष्म्याच्या दुकानात काम करी. घरातली मोडतोड आपणच दुरुस्त करायची, हा त्याचा बाणा. बायको त्याला 'मिस्तरी' म्हणे, निम्मे कौतुकाने, निम्मे वैतागाने. एकदा मी जराशी कुरकुरले. मिस्तरीने स्वयंपाकघरातून गोडेतेलाची वाटी आणली आणि माझ्या रुळात धार धरली. मी लगेच सुरळीत सरकले.

"बघ आई, झालं की नाही काम?" तो म्हणाला.

पण तेलाला रस्त्यावरची धूळ चिकटली. मी कुरकुरले की तो पुन्हा तेल पाजी. चाकांभोवती चिकट गाळ साचत गेला आणि एके दिवशी मी जागची हलेना. त्याने सगळा जोर लावला, तेव्हा माझी मूठ उपटून त्याच्या हातात आली.

"अहो, आता तरी कुणाला बोलवा," बायको म्हणाली.

"खिडकी उघडायला माणूस बोलवू? लोक हसतील मला."

"असू दे गं," आजी सुनेला म्हणाल्या, "मला हल्ली वारा सोसतच नाही."

मुलाची फजिती झाकायला आजी खोटे बोलत होत्या. काकू येत, काचेवर टकटक करत, आजी आतून नुसता हात हलवत. हळूहळू काकू यायच्या थांबल्या. दोघींच्या मध्ये मी भिंतीसारखी उभी होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखे होई.

एका सुट्टीच्या सकाळी मिस्तरी बाहेरून आला तो पडलेल्या चेहऱ्याने. रस्त्यात काकू भेटल्या होत्या. "तुझ्या आईला माझा कसला राग आलाय रे?" त्यांनी विचारले होते. "मला बघूनही खिडकी उघडत नाही ती. मग दार तरी कुठल्या तोंडाने वाजवू?"

त्याने माझे तावदान वर उचलले, तिरके करून बाहेर काढले आणि जमिनीवर आडवे ठेवले. चाके काळ्या गाळात रुतली होती. खोलीभर खवट वास पसरला. त्याने तो गाळ बोटावर घेऊन नाकाशी नेला.

"आई, हे माझ्याच तेलाने झालंय."

"माहीत होतं रे. वास यायचा मला."

"मग बोलली का नाहीस?"

"एवढ्या हौसेने करायचास. कसं बोलू?"

त्याने साबणाच्या पाण्याने आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने चाके धुतली, रूळ खरवडून कोरडा केला आणि तेलाऐवजी त्यावर मेणबत्ती घासली. मूठ पुन्हा बसवली. मी सरकले. तो मात्र हसला नाही. तसाच, मळक्या हातांनी, तो काकूंच्या दारात गेला आणि शेजारपाजाऱ्यांच्या देखत म्हणाला, "काकू, आई रागावलेली नाही. खिडकी मीच बिघडवली होती, आणि ते सांगायची मला लाज वाटत होती."

त्या संध्याकाळी आजींना वारा छान सोसला.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना बोलता येत नाही, आम्ही फक्त अडून बसतो. तेव्हा जोर करू नका, आधी खाली काय साचले आहे ते काढा. आणि नाही जमले तर सरळ तसे सांगा. तेवढे न सांगितल्यामुळे एक आई किती दिवस काचेआडून नुसता हात हलवत राहिली, ते मी पाहिले आहे.