बिनचिठ्ठीच्या बाटल्या

"वास घेऊन बघा काका, सकाळचीच आहे," असं म्हणत मासळीवालीने कोळंबी थेट म्हाताऱ्याच्या नाकाखाली धरली होती. त्यानेही मोठ्या जाणकारासारखा श्वास ओढला, मान डोलावली आणि पाव किलो घेऊन घरी आला. ती कोळंबी आता ओट्यावर ताटलीत पडली होती. त्याला वास येत नव्हता. आज नाही, कालही नाही, कितीतरी वर्षांत नाही.

उभी हयात लाकडाला पॉलिश करण्यात गेली होती. स्पिरिट आणि टर्पेंटाइनने नाकाची पार वाट लावली. बायको होती तोवर निभावलं. दूध नासलं, गॅस राहिला, भात लागला, सगळं तिला कळायचं आणि त्याचं पितळ झाकलेलं राहायचं. ती गेल्यावर मात्र लेकीने फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, "या खेपेला मी नीट बघणार आहे, बाबा. एकट्याने जमत असेल तर राहा. नाहीतर सरळ माझ्याकडे चला, मग कुरकुर चालणार नाही." लेकीचं घर चांगलंच होतं. पण ते तिचं होतं, आणि त्याला स्वतःच्या उंबऱ्याबाहेर झोप येत नसे.

आज ती जेवायला येणार होती, म्हणून हा सगळा खटाटोप. लेकीला लहानपणापासून आईच्या हातचं वॉन्टन सूप, मैद्याच्या सारण भरलेल्या पुड्यांचं, आवडायचं. ते जमलं की तिला वाटेल, म्हातारा ठणठणीत आहे.

नाक नाही तर बोटं तरी आहेत, असं म्हणून त्याने एकेक कोळंबी दाबून पाहिली. घट्ट होती, चमकत होती, बुळबुळीत नव्हती. तरीही त्याने ती तीनदा धुतली. सालं काढून सुपासाठी पाण्यात उकळायला टाकली. कोळंबी बारीक चिरून त्यात आलं, पातीचा कांदा, मीठ, मिरपूड घातली. मैद्याच्या पातळ चौकोनांवर थोडं थोडं सारण ठेवून, कडांना पाणी लावून त्याने घड्या घातल्या. हात कारागिराचा, त्यामुळे घड्या बायकोपेक्षाही नेटक्या पडल्या. तेवढ्यावरून तो जरा खूशही झाला. मग गॅसचं बटण पुन्हा एकदा तपासलं.

वॉन्टन उकळत्या पाण्यात वर आले, कोवळा पालक त्यात पडला आणि नेमकी तेव्हाच बेल वाजली. लेक तासभर आधीच आली होती. त्याची धांदल उडाली. शेवटी वरून तिळाच्या तेलाचे थेंब घालायचे राहिले होते. त्याने ओट्यावरची बाटली उचलली, सूप वाडग्यांत ओतून घाईघाईने वर शिंपडलं आणि दार उघडायला धावला.

"काय ठमाबाई, वाळलीस की," तो म्हणाला.

"तुम्हीच वाळलात." लेकीने चप्पल काढता काढता घरभर नजर फिरवली. पडदे, फरशी, कोपरे. तपासणीच ती.

दोघं जेवायला बसली. तिने पहिला घास घेतला, क्षणभर थांबली, मग गिळला.

"कसं झालंय?"

"छान." तिने दुसरा घास घेतला. "टेबलाला तेल लावलंत वाटतं? लहानपणीसारखा वास येतोय. सूपलासुद्धा तोच लागलाय."

"कालच लावलं," तो हसून म्हणाला. हसू अर्ध्यावरच राहिलं. टेबलाचा वास सूपला कसा लागेल?

"मीठ आणतो," म्हणून तो उठला. ओट्यावर दोन बाटल्या होत्या. दोन्ही धुऊन ठेवलेल्या जुन्या, दोन्हींत पिवळसर तेल. विकत आणलेली तिळाच्या तेलाची बाटली गळत होती म्हणून त्याने ते तेल यातल्या एकीत ओतलं होतं. शेजारी काल टेबलाला लावून तिथेच राहिलेलं अळशीचं तेल, लवकर वाळावं म्हणून रसायनं मिसळलेलं. चिठ्ठी एकीवरही नाही. आयुष्यभर त्याने कुठल्याच बाटलीला चिठ्ठी लावली नव्हती; नाक शाबूत होतं तोवर झाकण उघडून हुंगलं की काम व्हायचं, आणि पुढेही सवय तीच राहिली. पॉलिशच्या कामावरची पोरं त्यावरून त्याची चेष्टा करत.

गॅसजवळच्या, मघाशी उचललेल्या बाटलीच्या तोंडावर त्याने बोट फिरवलं. बोट चिकटलं. तिळाचं तेल कधी चिकटत नाही. अळशीचं वाळून चिकट होतं.

गप्प बसावं, ती काही बोलत नाहीये, असंही एकदा मनात येऊन गेलं. घर वाचलं असतं. त्याने दारातून पाहिलं. लेक मान खाली घालून निमूट खात होती, लहानपणी औषध घ्यायची तशी.

"थांब. खाऊ नकोस ते." त्याने वाडगा तिच्या हातातून ओढलाच. "ते तेल पॉलिशचं आहे. मला वास येत नाही, पोरी. कधीचाच येत नाही. तुझ्या आईला माहीत होतं."

लेकीने उठून तोंड धुतलं, खळाखळा चुळा भरल्या आणि ओट्याशी जाऊन गॅसचं बटण पाहिलं. बंद होतं. तरी ती तिथेच उभी राहिली.

"आता मी तुम्हाला इथे एकटं ठेवू शकत नाही, बाबा."

"माहीत आहे."

"चव विचित्र होती. पण तुम्ही इतकं राबलात म्हणून मी काही बोलणार नव्हते. सगळं संपवणार होते." तिने गॅसचं बटण पुन्हा चाचपलं. "मग सांगितलंत कशाला?"

"सगळं संपवणार होतीस म्हणूनच," तो म्हणाला, आणि वाडगा मोरीत उपडा केला.