उन्हातून सावलीत आलेली घसरगुंडी

मित्रांनो, मला जुनी म्हणा, माझी हरकत नाही. रंग उडालाय म्हणा, तेही खरं आहे. पण टाकाऊ म्हणाल तर मी ऐकून घेणार नाही. मी पनवेलच्या एका छोट्या बागेतली पत्र्याची घसरगुंडी.

माझा जन्म तळोज्याच्या एका वेल्डिंगच्या शेडमध्ये झाला. काळूराम नावाच्या कारागिराने माझे पाय जोडले, पायऱ्या बसवल्या, वर दोन्ही बाजूंना कठडे लावले. शेवटी त्याने खिशातला रुमाल काढून माझ्या पत्र्यावरून वरपासून खालपर्यंत फिरवला. एके ठिकाणी धागा अडकला. "हितं पोरीचा फ्रॉक फाटंल," असं म्हणत त्याने ती कड पुन्हा घासून काढली. इतक्या काळजीने घडवलेली मी! माझ्यात खोट निघणं शक्यच नव्हतं.

ते २००७ साल होतं. आमच्या वॉर्डात चहूबाजूंनी इमारती उठत होत्या. त्यांच्या मधला एक तुकडा बागेसाठी राखला होता. ठरल्याप्रमाणे मी कोपऱ्यातल्या बदामाखाली, भिंतीकडे तोंड करून उभी राहणार होते. पण टेम्पोतून मला उतरवलं तेव्हा उद्घाटन दुसऱ्या दिवसावर आलं होतं आणि आमचे नगरसेवक काशिरामशेठ स्वतः हजर होते. माझ्या माथ्यावर त्यांच्याच नावाची पाटी होती.

"कोपऱ्यात? भिंतीला दाखवायला पाटी लावलीय का आमी?" ते म्हणाले. "मधोमध बसवा. तोंड रस्त्याकडं. फोटोत मंडप पन आला पायजे नि पाटी पन."

झालं! मी मधोमध बसले. फोटो झकास आला. थंडीतली सकाळ होती, त्यामुळे उन्हाचा विचार कोणाच्या मनातही आला नाही.

मार्च आला आणि माझा तवा झाला. दुपारभर ऊन थेट माझ्या पत्र्यावर. हाफ पँट घातलेला एक छोटा मुलगा वरून सुटला तो किंचाळतच खाली आला. तो पुन्हा कधी फिरकला नाही. संध्याकाळी पत्रा निवायचा, पण तोवर डासांचे थवे उठायचे आणि आया मुलांना घरी हाका मारायच्या. दोष माझा नव्हता, जागेचा होता. पण भाजलेल्या पोराला हे कोण समजावणार?

मुलं येईनाशी झाली, तशी एका दुपारी ठमाबाई आली. ती बागेच्या फाटकाशी सुकी मासळी विकायची. तिने माझ्या पत्र्याला हात लावला आणि तिचा चेहरा खुलला. करंजा बंदरातून आणलेला जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, तिने माझ्या अंगावर छान पसरून टाकला. मग रोजचंच झालं. मुलांऐवजी माझ्यावरून सुकट घसरू लागली. वासाबद्दल मी काही बोलत नाही. निदान कोणाच्या तरी उपयोगी पडत होते.

अशीच काही वर्षं गेली. मग वॉर्डातल्या बागा नव्याने आखायचं ठरलं. मोठ्यांसाठी चालायची वाट आणि व्यायामाची यंत्रं बसवायची होती. इंजिनियर पद्मजा मॅडम मोजमाप घ्यायला आल्या, त्याही भर दुपारी. माझ्यावरचा जवळा बघून त्या थबकल्या.

"मुलं खेळत नाहीत वाटतं इथे?"

"नाय ओ मॅडम," ठमाबाई खरं तेच बोलली. "पोरं कुठं? मीच असते."

मॅडम बरोबरच्या माणसाला म्हणाल्या, "मग हे काढून टाका. यंत्रं इथेच बसवू."

मित्रांनो, माझे पाय सिमेंटमध्ये होते, नाहीतर मी पळूनच गेले असते. पण माझ्या वतीने दुसरंच कोणीतरी पळत आलं. समोरच्या इमारतीत अंकिता राहायची. तिची मुलगी रिया चार वर्षांची. अंकिता तिला घेऊन बऱ्याचदा बागेत यायची, ताप बघतात तसा उलटा हात माझ्या पत्र्याला लावायची आणि रियाला परत न्यायची. त्या दिवशी तिने गॅलरीतून मोजमाप पाहिलं, "काढून टाका" हेही ऐकलं आणि रियाला कडेवर घेऊन ती जिना उतरली.

"मॅडम, ही काढू नका हो."

"पण मुलं येतच नाहीत ना!"

"कशी येतील? तुम्हीच हात लावून बघा."

मॅडमनी हात टेकला आणि "आई गं!" म्हणून झटक्यात मागे घेतला.

"आमच्या इमारतीत खेळायला जागा नाही," अंकिता म्हणाली. "रिया पार्किंगमध्ये खेळते. काल एकाने गाडी मागे घेतली. हिच्या खेळण्यातल्या बादलीचा चुरा झाला. ही जरा बाजूला होती म्हणून..." तिने रियाला कडेवर घट्ट धरलं. मग ती म्हणाली, "ती खेळणारच आहे, मॅडम. इथे नाही, तर तिथे."

 मॅडमनी बाग पुन्हा एकदा नीट न्याहाळली. "मोठी माणसं पहाटे येतील," त्या हळूहळू म्हणाल्या, "त्यांच्या यंत्रांना हे ऊन चालेल. हिलाच बदामाखाली नेऊ. पण पाटी शेठची आहे. त्यांना विचारायला हवं."

शेठना फोन गेला, ते आलेही. सगळं ऐकून त्यांचा चेहरा पडला. "म्हंजे पाटी भिंतीकडं जानार?"

जवळा गोळा करता करता ठमाबाईने मान वर केली. "काशिराम, इतकी वर्सं मी हितं बसते. तुझी पाटी वाचताना मला कोन नाय दिसला."

"काकी, तुला तरी वाचता येतं का?"

"मला नाय येत. ज्यांना येतं, ते तरी कुठं थांबतात? उन्हानं पलतात!"

शेठ ओशाळून हसले. त्यांनी अंकिताच्या कडेवरच्या रियाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हलवा," ते म्हणाले. "पाटी फाटकावर लावा. पन जरा मोठी करा हां."

"नि माझा जवला रे?"

"माझ्या गच्चीवर वालव."

"तुझ्या बायकोला वास चालंल?"

"तिला तूच विचार, काकी. मला घरी जायचंय!"

पहारीने माझे पाय उकरले, त्यात एक वाकला. तो कापून नवा जोडला. खूप हादरे बसले, पण मी टिकले. बदामाखाली पहिल्या दुपारी अंकिता आली. तिने पत्रा वर तपासला, मध्ये तपासला, खाली तपासला. मग रियाला पायऱ्यांवर सोडलं आणि स्वतः खाली दोन्ही हात पसरून उभी राहिली.

वरून रिया ओरडली, "आई, बाजूला हो ना!"

अंकिता एक पाऊल बाजूला झाली. तेवढंच. पण तेवढी वाट रियाला पुरली. ती खाली आली आणि उठून लगेच पुन्हा पायऱ्यांकडे पळाली. हळूहळू पार्किंगमधली बाकीची मुलंही इकडे आली.

मित्रांनो, बागा आखणारी माणसं वाईट नसतात. पण ती कचेरीच्या वेळेत येतात आणि तेव्हा तुम्ही शाळेत असता. म्हणून तुमच्या भागात बागेची बैठक असली की आईबाबांचा हात धरून जा. तुम्ही कधी खेळता, कुठे भाजतं, कुठे अंधार असतो, ते स्वतः सांगा. माझ्या पत्र्यावर खडी टाकू नका. एखादा बोल्ट सैल दिसला तर मोठ्यांना सांगा. एवढं केलंत, की पुढची कितीतरी वर्षं मी तुमचीच आहे.

बरंच सांगायचं आहे, पण आता वेळ नाही. वर कोणीतरी कठडा धरून बसलंय आणि मागचे सगळे ओरडतायत, "अरे, सूट ना लवकर!"