जाळीच्या अलीकडचे बेचाळीस दिवस

मी एक म्हातारा गिनीपिग आहे. नाव फ्लुरिन. नखं वाकडी झाली आहेत, एका डोळ्याने अंधुक दिसतं, पण घाबरायचं काम मात्र मी अजून तरण्याच्या जोमाने करतो. कपाटाचं दार आपटलं तरी मी गवताखाली असतो. आमची जातच भित्री, मित्रांनो. तरी आज ज्या भीतीविषयी सांगणार आहे ती वेगळी होती. तेव्हा मला माझीच भीती वाटली होती.

आल्प्सच्या उतारावरच्या एका गोठ्यात, वासरांच्या उबेला माझा जन्म झाला. खाली गावात उर्सिना नावाच्या मुलीकडे मेंगा नावाची तांबूस मादी होती. तिची जोडीदारीण हिवाळ्यात वारली. आमच्या स्वित्झर्लंडमध्ये गिनीपिगला एकटं ठेवायला कायद्याने मनाई आहे, म्हणून उर्सिनाची आई रेगुला मला घेऊन आली. पण मी पडलो नर. पिंजऱ्यात मध्ये तारेची जाळी बसवली आणि मला उचलून दवाखान्यात नेलं.

"मेंगा तीन वर्षांची झाली, आणि एकदाही व्यायलेली नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या वयात पहिलं बाळंतपण म्हणजे कमरेची हाडं सैलावत नाहीत, पिल्लं अडतात. जीवच जाईल तिचा. याची नसबंदी करू. आणि नंतर सहा आठवडे दोघांना एकत्र सोडायचं नाही."

"ऑपरेशन झाल्यावरही?" रेगुलाने विचारलं.

"नळ बंद केला तरी पाइपात पाणी उरतंच की हो. तसंच आहे हे."

शस्त्रक्रियेच्या दिवशी डब्यात माझ्यासोबत गवत आणि काकडी होती. आम्हांला उपाशी ठेवायचं नसतं, पोट थांबलं की आम्ही संपलोच. मी मात्र एक काडीही तोंडात धरली नाही. मग एक गोड, घाणेरडा वास नाकाशी आला, आणि पुढचं मला आठवत नाही.

जागा झालो तेव्हा थंडी वाजत होती आणि मागे ठणकत होतं. घरी भुसा काढून पांढरे टॉवेल अंथरले होते, जखमेला कचरा लागू नये म्हणून. मी कोपऱ्यात अंग फुगवून बसलो. उर्सिना गवताचा लगदा सुईशिवायच्या पिचकारीने माझ्या गालात सोडायची.

"गीळ ना रे, शहाण्या! एवढंसं गीळ. मी नाही उठणार इथून."

रोज सकाळी ती मला स्वयंपाकघरातल्या तराजूत बसवायची, उलटं करून टाके बघायची, कुठे सूज नाही ना, ओल नाही ना. तिसऱ्या दिवशी मी आपणहून कोथिंबीर ओढली तेव्हा ती रडली. फ्रिजवर तिने एक तक्ता लावला होता. वर लिहिलं होतं, 'सहा आठवडे जाळी काढायची नाही', आणि खाली बेचाळीस घरं, रोज एक फुली.

जाळीपलीकडे मेंगा होती. आम्ही नाकाला नाक लावून झोपायचो. मला वाटलं होतं, शस्त्रक्रियेनंतर मी अगदी साधू होईन. कसलं काय! दहाव्या दिवसापासून मी पुन्हा कबुतरासारखा घुमू लागलो, कंबर हलवत जाळीपुढे येरझारा घालू लागलो. स्वभावाला औषध नाही म्हणतात ते खरं आहे.

विसावी फुली पडली त्या शनिवारी घरातले सगळे आजोबांकडे गेले. आम्हांला चारा घालायला शेजारच्या कादुफबाई आल्या. कादुफबाई म्हणजे कायद्याच्या पक्क्या. आमच्याकडे रविवारी आवाज करायला बंदी, म्हणून कुणी यंत्राने गवत कापलं तरी दार ठोठावणाऱ्या. त्यांनी जाळी पाहिली आणि त्यांचा पारा चढला.

"अगंबाई! एकट्याला कोंडून घातलंय की हो! या देशात कायदा म्हणून काही आहे की नाही?"

आणि त्यांनी जाळी उचलून भिंतीला टेकवली.

मित्रांनो, मला डॉक्टरीणबाईंचा शब्द न् शब्द आठवत होता. पाय मात्र ऐकेनात. ते पुढेच निघाले. मेंगा मागे सरकत भिंतीला टेकली. मी तिच्यावर अंग टाकलंच. क्षणभरच. एवढ्यात तिने वळून थेट माझ्या तोंडावर मुताची पिचकारी मारली. डोळे चुरचुरले, आणि मी जो पळालो तो गवताच्या ढिगात, आणि संध्याकाळपर्यंत तिथेच राहिलो. त्या क्षणात काय झालं, काय नाही, ते मलाही कळलं नाही.

संध्याकाळी कादुफबाई पुन्हा चारा घालत असतानाच उर्सिना परतली आणि किंचाळलीच. तिने आधी जाळी जागेवर बसवली.

"कादुफबाई! सहा आठवडे थांबायचं होतं! फ्रिजवर लिहिलंय ना!"

"मी लोकांच्या फ्रिजवरचं वाचत नाही," त्या ताठ मानेने म्हणाल्या. मग उर्सिनाचा चेहरा पाहून हळूच म्हणाल्या, "काय झालं गं? मी चुकले का?"

मेंगा मरू शकते, हे ऐकल्यावर त्या स्टुलावर बसल्या त्या बराच वेळ उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्या रोज यायच्या, मेंगासाठी आपल्या बागेतली बडीशेपेची पानं घेऊन.

पुढचे बावीस दिवस मी जीव मुठीत धरून काढले. मेंगाने दोन घास जास्त खाल्ले की मी माझं गवत सोडून तिच्या पोटाकडे बघायचो. ती पाय पसरून झोपली की मी तिचा श्वास ऐकत राहायचो. मी घुमणं सोडलं. जाळीशी जाणंही सोडलं.

शेवटच्या फुलीच्या दिवशी तिची सोनोग्राफी झाली. कादुफबाई चांगला कोट घालून दवाखान्यात आल्या होत्या.

"पोटात गवत आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाकी काही नाही."

त्या दिवशी उर्सिनाने जाळी काढायला कादुफबाईंनाच सांगितलं. जाळी निघाली आणि मी हललो नाही. माझं अंग लाकूड झालं होतं. मग मेंगाच चालत आली, मला हुंगलं, आणि माझ्या कुशीला टेकून गवत चावू लागली.

मेंगा त्यानंतर चार वर्षं जगली.

मित्रांनो, आम्हांला फुल्या मारता येत नाहीत. आम्हांला धीरही धरता येत नाही. तेवढं आमच्यासाठी तुम्ही करा. आणि घरी कुणाला चारा घालायला सांगाल, तर तो तक्ता त्यांच्या हातात द्या.