जाळलेल्याची नोंद नसते

“पायमोजे वाळत नाहीत,” अप्पा म्हणाले आणि दाढीचा ब्रश मगातल्या पाण्यात बुडवून थांबले.

“कुणाचे?” सून स्वयंपाकघरातून म्हणाली. “कालच तर गॅलरीत घातलेत.”

“माझे नव्हेत गं. पत्रातले.”

“अच्छा. पत्रातले.”

गेली सत्तेचाळीस वर्षं रोज सकाळी अप्पांची दाढी आणि मनात म्हटलेलं ते पत्र बरोबरीनं संपत आलेलं होतं. डाव्या गालावर थंडी आणि पायमोजे, उजव्या गालावर आई, हनुवटीवर सायकल. पत्रात आठ वाक्यं होती. गेल्या महिन्यापासून वरच्या ओठापाशी एक जागा रिकामी पडायला लागली होती. तिथे सातवं वाक्य असे. ते लहानसं होतं, एवढं आठवत होतं. लहान आहे हे आठवतं आणि काय आहे हे आठवत नाही, नेमकं घोडं तिथेच पेंड खात होतं.

डॉक्टरांनी त्यांना कागदावर घड्याळ काढायला सांगितलं होतं. अप्पांनी सुबक गोल काढला, बारा आकडे मांडले आणि कागद परत दिला. डॉक्टर म्हणाले, “छान. काटे राहिले.” मग सुनेला बाजूला घेऊन ते हळू आवाजात बोलले. अप्पांचे कान शाबूत आहेत, हे त्यांनी तपासलं नव्हतं. आधी कालचं जाईल, मग परवाचं, आणि सर्वांत शेवटी जुनं, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. पण अप्पांच्या डोक्यानं ही रांग पाळायची नाही असं ठरवलेलं दिसत होतं.

म्हणून शाळेत दरवर्षी होणाऱ्या आपल्या भाषणात यंदा ते पत्र सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. दोनशे मुलं असतात. एकाच्या तरी डोक्यात राहील.

“इकडे ये जरा,” तोंड पुसत ते म्हणाले. “बस. एकदा म्हणून दाखवतो.”

सून डबा भरता भरता खुर्चीच्या कडेवर टेकली. एका कुरिअर कंपनीच्या कचेरीत तक्रारी ऐकण्याचं काम ती करी. दिवसाला दीडशे माणसं तिला फोन करून आपलं पार्सल कसं हरवलं ते सांगत. ‘हो, समजलं, नोंद घेतली’ हे ती आता झोपेतसुद्धा म्हणू शके. स्वभावानं चांगली होती. सासऱ्याशी दिवसात कमीत कमी चार वाक्यं बोलायचीच, असा तिनं नेम केला होता आणि तो पाळलाही होता.

अप्पा ताठ बसले. “‘बाबा, इथे फार थंडी आहे. पायमोजे वाळत नाहीत. मला घरी यायचंय. तुम्ही साहेबांना पत्र लिहा की आई आजारी आहे. ती ठणठणीत आहे हे मला माहीत आहे, तरी लिहा. तिला यातलं काही कळू देऊ नका.’ मग एक वाक्य आहे. मग ‘माझी सायकल कुणाला देऊ नका.’ संपलं.”

“हो, समजलं,” सून म्हणाली. आपण काय म्हणालो हे तिच्या लक्षात आलं आणि तिला जरा ओशाळल्यासारखं झालं. “लिहून का नाही ठेवत, अप्पा?”

“जाळलेल्याची नोंद नसते.”

“आणि सांगितलेल्याची?”

“सांगितल्याचा नियमच नाही काही. लिहायचं नाही, एवढाच आहे.”

“मग थांबा, मोबाइलवर घेते तुमचा आवाज. ते काही लिहिणं नव्हे.” तिनं मोबाइल हातात घेतला आणि तेवढ्यात तो वाजला. कचेरीतून होता. कुणाचं तरी फ्रिजचं दार दुसऱ्याच गावी पोचलं होतं. सात मिनिटांनी फोन ठेवून ती म्हणाली, “चला, उशीर होतोय. बूट घाला.”

गल्लीत अप्पांना ‘मेजर’ म्हणत. ते मेजर कधीच नव्हते. ते सैन्यात कोठारात होते. लढाई सुरू झाली तेव्हा कोठारात ब्लँकेटं आणि कंदील मोजणाऱ्या या माणसाला एक नवं काम मिळालं: मेलेल्यांचं सामान घरी पाठवायचं. एकानं वस्तू हातात धरून पुकारायची, दुसऱ्यानं यादीत लिहायची. घड्याळ, एक, चालू. दाढीचा ब्रश, एक, वापरलेला. कंगवा, एक. अप्पांचं अक्षर चांगलं, म्हणून ते लिहीत. साहेबांची आज्ञा एकच होती, घरच्यांना त्रास होईल असं काही पेटीत जाता कामा नये. पत्त्यांचा जोड, दारूची बाटली, बायकोचा नसलेला फोटो, अर्धवट लिहिलेली पत्रं असं जे निघे ते तंबूमागच्या पिंपात जाळायचं. आणि जे जाळलं ते कुठल्याही यादीत लिहायचं नाही, कारण लिहिलं की कुणीतरी ‘ते कुठंय’ विचारणार. अप्पांच्या हातून घरी गेलेला एकही माणूस पत्ते खेळत नव्हता, दारू पीत नव्हता आणि घाबरलेला तर मुळीच नव्हता.

प्रत्येक पेटीबरोबर साहेबांच्या सहीचं एक पत्र जाई. छापील पत्रानं घरच्यांचं मन दुखावतं, म्हणून ते हातानं लिहायचं असा साहेबांचा कटाक्ष होता. मजकूर मात्र ठरलेला: शेवटपर्यंत हसतमुख होता, सर्वांचा लाडका होता, वगैरे. तो अप्पांनी त्या हिवाळ्यात इतक्या वेळा लिहिला की पुढेपुढे ते लिहिता लिहिता जेवणाचं बोलत असत.

ज्याचं पत्र अप्पांना पाठ होतं तो पोरगा एकोणीस वर्षांचा होता. त्याला ते जिवंतपणी भेटले नव्हते. त्याचं पत्र त्यांनी वाचलं, घडी घातली आणि पिंपात टाकलं. जळण्याआधी ते वाचणारे ते एकटेच. त्याच्या बाबांना पेटी मिळाली, यादी मिळाली, ठरलेलं पत्रही मिळालं. त्यांनी आभाराचं उत्तरही पाठवलं.

शाळेतल्या भाषणांची कथा निराळी होती. पहिल्या वर्षी अप्पा कोठाराविषयी बोलले. तेव्हाचे मुख्याध्यापक म्हणाले, फार माहितीपूर्ण झालं, पुढच्या वर्षी जरा स्फूर्तिदायक बघा. पुढच्या वर्षी अप्पांनी टेकडी सांगितली. टेकडीवर तीन जवान चढले होते हे खरं, पण ते दुसऱ्याच तुकडीचे. अप्पांना ती हकीकत एका ट्रकवाल्यानं सांगितली होती आणि त्याला आणखी कुणी. एकवीस वर्षांत टेकडी बरीच उंच झाली आणि गेल्या वर्षीपर्यंत अप्पा स्वतः तिच्या अर्ध्यापर्यंत पोचले होते.

शाळेच्या फाटकावर फलक होता: ‘नेतृत्वगुण: एका कर्नलशी संवाद’. अप्पांनी तो दोनदा वाचला.

“गेल्या वर्षी मेजर होतो,” ते सुनेला म्हणाले. “शाळेत बढती लवकर मिळते.”

कार्यक्रमाची व्यवस्था पाहणाऱ्या बाई लगबगीनं आल्या. “या, काका. बरं का, यंदा बारा मिनिटंच आहेत तुम्हाला. नंतर मुलांना एक तक्ता भरायचाय, ‘पाहुण्यांकडून शिकलेल्या तीन गोष्टी’. तेव्हा बोलता बोलता तीन गोष्टी जरा वेगळ्या काढून सांगितल्यात तर बरं पडेल.”

“मी यंदा दुसरं सांगणार आहे.”

“टेकडी नाही?” बाईंचा चेहरा पडला. “चालेल. पण मार्काला येईल असं बघा हं.”

सून मागच्या भिंतीशी उभी राहिली. “तू थांब,” असं अप्पांनी तिला तीनदा बजावलं होतं. ती थांबली होती, पण फ्रिजचं दार अजून तिच्या मोबाइलमध्ये फिरतच होतं.

अप्पा उभे राहिले. समोर दोनशे पोरं, सोळा-सतरा वर्षांची, मांडीवर तक्ता आणि हातात पेन.

“मी कर्नल नाही,” अप्पा म्हणाले. “मेजरपण नाही. मी कोठारात होतो. गेली एकवीस वर्षं या शाळेत जी टेकडी सांगितली तिथं मी गेलो नाही. लांबून पाहिलीय. फार उंच पण नाही ती.”

“म्हणजे सर फेकत होते,” मागून कुणीतरी म्हणालं. थोडे हसले. बाई उठून उभ्या राहिल्या आणि परत बसल्या.

अप्पांनी पेट्यांचं सांगितलं. पुकारणारा आणि लिहिणारा. घड्याळ, एक, चालू. “चालू घड्याळ असलं की फार वाईट,” ते म्हणाले. “पेटी बंद केली तरी ऐकू यायचं. आम्ही पेटी दुसऱ्याच्या तंबूत ठेवायचो.” पिंपाचंही सांगितलं. पेनं हळूहळू खाली गेली. मागच्या रांगेतला एक मघापासून मांडीखाली मोबाइल खेळत होता, त्यानंही वर पाहिलं. बावीस वर्षांत असं सभागृह अप्पांनी पाहिलं नव्हतं. टेकडीवर गोळ्या सुटत तेव्हाही ही पोरं कुजबुजत असत.

“तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा होता एक,” अप्पा म्हणाले. “त्यानं घरी लिहिलेलं पत्र मी जाळलं. त्याच्या घरच्यांना ते कधी कळलं नाही. आता मला विसरायला होतंय, म्हणून ते तुम्हाला सांगून ठेवतो. लिहू नका. नुसतं ऐका.”

शाळेचा मोबाइल तिकाटण्यावर लावून एक शिक्षक चित्रण करत होते. त्यांनी तो जरा जवळ आणला.

“‘बाबा,’” अप्पा म्हणाले.

आणि थांबले. पुढचं कुठे ठेवलंय ते शोधावं तसे. मग त्यांचा चेहरा मोकळा झाला, कारण पुढचं आलं, आणि आलं तेही न अडखळता, धडाधड.

“‘बाबा, आपण कसलीही चिंता करू नये. शेवटच्या क्षणापर्यंत मी हसतमुख होतो. मला कसलीही भीती वाटली नाही. मी आपली आणि आईची आठवण काढली. सहकाऱ्यांमध्ये मी सर्वांचा लाडका होतो. आपल्याला माझा अभिमान वाटावा.’”

वाक्यं संपली तेव्हा एकही जागा रिकामी राहिली नव्हती. अप्पांना क्षणभर फार बरं वाटलं.

टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. बाईंनी चष्मा काढून डोळे टिपले. पोरं उभी राहिली. भिंतीशी सुनेनंही मोबाइल काखेत धरून टाळ्या वाजवल्या. काहीतरी वेगळं ऐकल्यासारखं तिला वाटलं होतं, पण सगळे रडत असताना माणूस ते कुणाला विचारणार.

दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. टाळ्या संपेपर्यंत तिनं तो खाली घेतला नाही.

“आजोबा, एक विचारू? एवढं चांगलं पत्र होतं, तर तुम्ही ते जाळलं का?”

अप्पा दोन पावलं पुढे आले.

“म्हणजे, यात त्रास होण्यासारखं काय होतं?” ती म्हणाली. तिला खरंच कळत नव्हतं.

अप्पांनी तोंड उघडलं. हात हनुवटीकडे गेला, तिथून वरच्या ओठाशी, तिथून डाव्या गालावर.

“वेळ संपलीय, बाळा,” बाई म्हणाल्या. “चला, तक्ते भरा.”

फाटकापर्यंत सोडायला आलेल्या बाई भारावलेल्या होत्या. “काका, आता दरवर्षी हेच सांगा. टेकडीपेक्षा कितीतरी चांगलं. आम्ही ते शाळेच्या पानावर टाकतोय, कायमचं राहील.” त्यांनी एका मुलाचा तक्ता काढून वाचून दाखवला. एक, हसतमुख राहावे. दोन, घाबरू नये. तीन, आई-वडिलांची आठवण काढावी. “बघा, तिन्ही आले.”

वाहनतळावर सून डिकीतून हेल्मेटं काढत होती. अप्पा स्कूटरला हात टेकून उभे होते.

“मी काय म्हणालो आत?”

“छान बोललात. सगळे रडले.”

“ते नव्हे. सकाळी तुला म्हणून दाखवलं ते. तसंच म्हणालो का?”

सुनेनं हेल्मेट खाली ठेवलं. खोटं बोलावं असं तिच्या मनात आलं, पण म्हाताऱ्याच्या नजरेपुढे ते जमेना.

“नाही वाटत, अप्पा. सकाळचं वेगळं होतं.”

“मग काय होतं? सांग. तू बसली होतीस ना समोर.”

ती मनापासून आठवायला लागली. दीडशे तक्रारींखाली, डब्याखाली, फ्रिजच्या दाराखाली तिनं हात घालून पाहिला. “थंडी होती. फार थंडी. आणि…” तिनं डोळे मिटले. “आई. त्याची आई आजारी होती.”

“आई आजारी होती?”

“हो. साहेबांना तसं कळवा, असं होतं काहीतरी. त्याला घरी यायचं होतं, आई आजारी म्हणून. असंच होतं ना, अप्पा?”

शेजारच्या गाडीखाली एक मांजर झोपलं होतं, अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. कुठेतरी काहीतरी उलटं आहे, असं त्यांच्या कपाळावर दिसत होतं. मग हळूहळू कपाळ सपाट झालं.

“असेल,” ते म्हणाले. स्कूटरवरचा हात काढून त्यांनी विचारलं, “मग बरी झाली का ती?”

सुनेनं खाली ठेवलेलं हेल्मेट उचललं.

“झाली असेल, अप्पा.”

“कळवायला हवं होतं त्याला कुणीतरी. उगाच काळजी करत बसला असेल तिकडे.”

तिनं त्यांच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं, हनुवटीखाली पट्टा लावला, आणि एक बोट आत सरकवून तो फार घट्ट तर बसत नाही ना, ते पाहिलं.