तळहातावरचा धूर

उदगीरच्या सिद्धम्माला बारा वर्षांपासून साखर होती. पण विचारलं तर म्हणायची, "डॉक्टरला हाय साखरेची हौस, मला न्हाई." रोज अंघोळ करून, कपाळाला भस्म लावून ती डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घ्यायची आणि अर्धा तास त्याच्याकडं एकटक बघत बसायची. मगच पाण्याचा घोट. पन्नास वर्षांत एक खाडा नव्हता.

श्रावणात लिंग धुरकट दिसायला लागलं. सिद्धम्मानं स्वतःच ठरवून टाकलं, वरचा काळा लेप झिजला. लेप लावणाऱ्या श्रीशैल स्वामींना बोलावणं गेलं.

"अव्वा, लेप तर चांगला हाय की."

"लेप लावता का वकिली करता?"

स्वामींनी गुमान नवा लेप चढवला. दिवाळीत पुन्हा चढवला. धूर काही हटेना. घरात डोळ्याचं नाव कुणी काढलं नाही. काढायची छाती कुणाची होती? संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी डाव्या डोळ्यात काजळी सांडल्यासारखं झालं आणि दुपारपर्यंत तो डोळा गेला. तेव्हा कुठं सून वर्षाराणीनं तिला लातूरच्या गाडीत बसवलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला सरळ. "साखरेनं पडद्यावरच्या नसा खराब झाल्यात. डाव्यात रक्त उतरलंय, त्याचं पुढं बघू. उजवा वाचवायचा तर आजच लेझर करू."

"लेझरनं हातावरचं लिंग नीट दिसंल का, तेवढं बोला."

"आजी, आज दिसतंय तेवढं राखायला लेझर असतं. गेलेलं परत येत नाही. सहा महिने आधी आला असता तर गोष्ट वेगळी होती."

सिद्धम्मानं बोटांच्या पेरांवर महिने मोजले. श्रावणापाशी बोट थांबलं.

डोळ्यात थेंब घातले, ते झोंबले. बाहुली मोठी झाली तशी खिडकी पांढरीफेक पेटली. मग बधिर करायचे थेंब. हनुवटी एका पट्टीवर टेकवली, कपाळ दुसरीला, आणि बाईंनी बाटलीच्या बुचाएवढी काच थेट बुबुळावर दाबून धरली.

"अजिबात हलायचं नाही."

"पन्नास वर्सं न हलता बसले बाई. मला नका शिकवू."

हिरव्या उजेडाचे फटके सुरू झाले. टक्, टक्, टक्. पहिले शंभर काहीच वाटलं नाही. मग डोळ्याच्या मागं, पार आत, दाढ ठणकावी तशी कळ उठायला लागली. पदराचा बोळा मुठीत आवळला, पण मान हलली नाही. वीस मिनिटांनी बाई म्हणाल्या, "झालं. अजून दोन वेळा यावं लागेल, आता पुढच्या मंगळवारी. अंधारात थोडं कमी दिसेल आता."

बाहेर सगळं जांभळंकाळं झालं होतं. पायरी दिसेना. सुनेचा खांदा धरायची वेळ सिद्धम्मावर त्या दिवशी आली.

तरी मनात एक वेडी आशा होतीच. तिसऱ्या दिवशी नजर निवळली तशी ती पूजेला बसली. लिंग तळहातावर घेतलं. बोटं दिसली, हाताच्या कडेला लागलेलं भस्मही दिसलं. मधोमध मात्र तोच धूर.

"जायची न्हाई मी आता लातूरला," ती म्हणाली. "काय उपेग?"

वर्षाराणी दारातच उभी होती. सासूपुढं बारा वर्षांत आवाज न चढवलेली बाई.

"आज बोटं तर दिसायलीत न्हवं, अव्वा? न्हाई गेलात तर बोटंबी दिसायची न्हाईत. मग लिंग हातातनं पडलं तरी कळायचं न्हाई तुमाला."

असं बोलणाऱ्या सुनेला एरवी सिद्धम्मानं उभं चिरलं असतं. आज ती तळहाताकडं बघत राहिली. मग तिनं डोळे मिटले, उजव्या हाताची बोटं लिंगावर ठेवली, चाचपून बेल वाहिला. एक पान खाली पडलं, ते तिला कळलं नाही. अर्ध्या तासाची पूजा पाच मिनिटांत आटोपली. बघायचंच काही उरलं नव्हतं.

"कितीची गाडी हाय मंगळवारी?" तिनं विचारलं, डोळे न उघडता.