अप्पांना ओळखणारी ट्रेडमिल

दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. अर्धी इमारत एका ट्रेडमिलकडे टक लावून उभी होती. स्पंदनगुरूंनी मोटरवरचं झाकण उघडायला लावलं, डोळे मिटले, हात पसरले. ध्यानात फार उकडतं, म्हणून त्यांच्या शेजारी टेबलफॅन लागला. मग फर्मान सुटलं, "चढा!"

अप्पा चढले. एरवी त्यांच्या पायाखाली मध्येच अडून बसणारी ट्रेडमिल आज गुमान चालत राहिली. शेजारच्या काकूंनी हात जोडले.

"यंत्र माणसाची स्पंदनं ओळखतं," गुरू गंभीरपणे म्हणाले. "यांची संपत आलीत. मी इथे असेन तेव्हाच चाला. नाहीतर छातीवर बेतेल."

गुरूंना सवड होई तेव्हा ते येत. मधले दिवस अप्पा पलंगावर पडून. हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी रोज चालायला बजावलं होतं. पण घाबरलेल्या माणसाला डॉक्टर दूरचा आणि गुरू जवळचा वाटतो. पायांतली ताकद चालली होती. अप्पांची सून कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची, त्यामुळे टोमणे तिच्याच वाट्याला.

"मुलांना सर्किटं शिकवतेस आणि घरचं मशीन हसतंय तुला," काकू म्हणाल्या.

"अहो काकू, मी स्वतः चालून पाहिलं. छान चालतं."

"मीही पाहिलं! म्हणजे खोट अप्पांतच ना?"

सून मनाशी हिशेब मांडू लागली. किती वेळ चालून पाहिलं होतं तिने? मिनिटभर. काकूंनी? साडी सावरत त्याहून कमी. सगळ्यांनी ट्रेडमिल तपासली होती ती पाहुण्याने लोणचं चाखावं तशी. जास्त वेळ चालायचे ते एकटे अप्पा. आणि गुरू आले की झाकण उघडं, वर वारा!

पुढच्या खेपेला तिने झाकण घट्ट बसवलं, फॅन माळ्यावर टाकला.

"गुरुजी, आज आधी तुम्हीच चाला. तुमच्या स्पंदनांना काय धाड भरलीय?"

भक्तांसमोर नाही म्हणवेना. गुरू चढले. विश्वाची ऊर्जा, ग्रहांची कंपनं, सगळं धापा टाकत सांगू लागले. घाम फुटला तरी सून तिथेच खुर्ची टाकून बसली. ऊर्जा रंगात आली आणि पट्टा थांबला. गुरूंनी दांडा घट्ट धरला.

पलंगावरून अप्पांचा आवाज आला, "अरेरे! यांचीही संपत आली वाटतं!"

हशा उसळला. "या घरात शंका फार आहे," म्हणत गुरूंनी चपला शोधल्या.

सुनेने प्लग काढला, बोर्डातली साठलेली वीज उतरू दिली आणि मोटरचं कंट्रोल बोर्ड बाहेर काढलं. भिंगाखाली एका सुट्या भागाच्या जाड धातूच्या पायाभोवती, सोल्डरच्या डाखाला, केसाएवढी गोल चीर दिसली.

"काकू, बघा. तापलं की इथला सांधा सुटतो, गार झालं की जुळतो. गुरूंच्या ध्यानाने नाही, फॅनच्या वाऱ्याने चालत होतं."

तिने जुना डाख काढून नवा भरला. झाकण बसवून स्वतः घाम येईपर्यंत चालली. मग अप्पांना हात दिला.

"थांबली तर?"

"तर बोर्ड पुन्हा उघडीन. तुमचं आयुष्य नाही मोजणार."

अप्पा चालले. आधी दांडा धरून, मग सोडून. शेवटी काकू कंटाळून घरी गेल्या तरी चालतच होते. यंत्र अडलं तर यंत्र तपासावं, माणूस आजारी असेल तर डॉक्टरांचं ऐकावं. कुणी भीती घालायला आलाच, तर त्याला नम्रपणे आधी चालून दाखवायला सांगावं.