नत्थूजीच्या पट्ट्यावरचा कप

मित्रांनो, थांबा, थांबा! पाय पुसून लगेच पळू नका. आज बाजाराचा दिवस, शाळा अर्धीच, तुम्हाला बैलबंडीत जागा धरायची घाई, सगळं कळतं मला. पण आज मी बोलणारच. मी एक जुनी सतरंजी आहे. जुनी म्हणजे काय, वय विचाराल तर जेमतेम सात वर्षं! तुमच्याहूनही लहान. पण अंगाचे धागे निघाले, रंग उडाला, की सगळे जुनीच म्हणतात.

मला जंगलूजींनी विणलं, आष्टीला, त्यांच्या घरच्या मागावर. जाड सूत, तांबडं अंग आणि त्यावर सात निळे पट्टे. विणून झाल्यावर त्यांनी मला दोन्ही हातांनी ताणून पाहिलं आणि म्हणाले, "दहा मानसं बसली तरी दबत नाई पोरगी." मी अशी फुगले म्हणता! मग मी पद्मा नावाच्या मुलीच्या रुखवतात मांडली गेले. बायका हात लावून लावून बघत होत्या. पद्माचं लग्न झालं कृष्णकांत मास्तरांशी, आणि तिच्याबरोबर मी तुमच्या या गावात आले.

आता ऐका, पुढची गोष्ट फार महत्त्वाची. पहिल्याच बाजाराच्या दिवशी पद्मा दारात उभी राहिली आणि बघते तर काय, बंडीमागून बंडी आष्टीकडे निघालेली. बाया, पोरं, गडीमाणसं, सगळे गेले. धूळ खाली बसली. आणि एकेका घराच्या ओट्यावर एकेक म्हातारं माणूस तेवढं उरलं. घराला राखण हवी ना! दिवेलागणीला बंड्या परत येईपर्यंत ती माणसं तशीच बसून. इकडच्या ओट्यावरून तिकडच्या ओट्याशी बोलायला आवाज पोचत नाही, आणि उठून जायला घर सोडवत नाही.

पुढच्या बाजाराला पद्मानं मला शाळेच्या अंगणात कडुलिंबाखाली टाकलं, चुलीवर चहा ठेवला आणि स्वतः दारोदार बोलवायला गेली. तिला कुणी सांगितलं नव्हतं हो हे! "इथून सगळ्यांची दारं दिसतात, राखणही होईल," असं सांगून सांगून तिनं सहा जणांना आणलं. पण एकजण बसेल तर शपथ! सगळे माझ्या काठाशी उभे. शेवटी त्यातल्या नत्थूजीनं विचारलं, "मास्तरीणबाई, तेरवी कोनाची हाय?"

"तेरवी नाही हो, नुसता चहा आहे."

"नुस्ता च्या? मंग मेलं कोन?"

"कोणीच नाही. तुम्ही एकटे बसता, म्हणून बोलावलं."

"कोनी मेलं नाई, अन् फोकटचा च्या!" नत्थूजी शेजारच्या रामबाईकडे वळला. "आक्रीतच हाय बाप्पा!"

सगळे हसले आणि बसले. खरंच सांगते, म्हाताऱ्या माणसाला गावात बोलावणं येतं ते कुणाच्या तरी तेरवीच्या, म्हणजे तेराव्याच्या, पंगतीचंच. विनाकारण कोण बोलावतं?

मग काय, दर बाजाराला माझी चैन! ज्याचा त्याचा पट्टा ठरून गेला. काठाच्या पट्ट्यावर भागीरथाआजी, तिच्या शेजारी नत्थूजी, मग रामबाई, सोनबा आणि बाकीचे दोघं. सातव्या पट्ट्यावर पद्मा, किटली घेऊन. भागीरथाआजीला घरी कुणीच नव्हतं. तिच्या ओट्यावर कुणी बाजारातून परतायचंच नाही. आठ दिवस तोंड मिटून राहायची आणि इथं आली की धबधबा!

"भागीरथे, थोडी चूप बसली त दात दुखतीन का तुहे?" नत्थूजी म्हणायचा.

"तुले त दातच नाई, तुले काय सांगू!"

नत्थूजीचा कप ठरलेला, कान तुटलेला. दुसरा दिला तर म्हणायचा, "माह्यावानी हाय तोच दे, बाई." एकदा त्याच्या विडीनं त्याच्या पट्ट्यावर भोक पडलं. मी चुर्र भाजले! पद्मा म्हणाली, राहू दे. पण पुढच्या वेळी भागीरथाआजी सुईदोरा घेऊनच आली आणि त्याच्या मांडीशी वाकून तांबड्या सुतानं ते भोक शिवलं. निळ्यावर तांबडे टाके. "पुन्हा जाळशीन त तुहंच तोंड शिवीन," म्हणाली. चार वर्षं, मित्रांनो, चार वर्षं असं चाललं होतं.

आणि मग पौषातल्या थंडीत नत्थूजी गेला.

पुढच्या बाजाराला पद्मा सकाळपासून रडत होती. तिनं मला टाकलं, झटकलं, आणि नत्थूजीच्या पट्ट्यावर, त्या टाक्यांच्या बाजूला, त्याचा कान तुटलेला कप ठेवला. त्यात गरम चहा ओतला. बशीत झेंडूचं एक फूल ठेवलं. प्रेमानं केलं हो तिनं! तिच्या मनात एवढंच होतं की त्याची जागा त्याचीच राहावी. मलाही ते बरं वाटलं. मी काय, सूत! मला काय कळणार?

रामबाई आली आणि जागच्या जागी थांबली. सोनबा आला, त्यानं डोक्यावरची टोपी काढली. हळूच म्हणाला, "हे त तेरवीचं पान वाढलं तुमी, मास्तरीणबाई."

बसले सगळे, पण कसे? अंग चोरून. कुणी कपाकडे बघेना. प्रत्येकजण आपल्याच पट्ट्याकडे बघत होता, हातानं चाचपत होता. भागीरथाआजीनं दोनदा बोलून पाहिलं, मग तीही नुसती टाक्यांवरून बोट फिरवत बसली. नत्थूजीच्या कपावर साय धरली. बाकीच्यांच्या कपांवरही.

पुढच्या बाजाराला एकटी भागीरथाआजी आली.

पद्मा धावत रामबाईच्या ओट्यावर गेली. परत येऊन तिनं भागीरथाआजीला सांगितलं. "रामबाई म्हणाली, ‘मी नाई येत बाई. उद्या माह्या पट्ट्यावर तू असाच कप भरून ठेवशीन, अन् हे सारे पाहत बसतीन.’ आजी, मी पुन्हा नाही ठेवणार हो! मी पाया पडले तिच्या!"

"तू नाई ठेवला तरी दिसते तो कप त्याईले आता," भागीरथाआजी म्हणाली. "वत मले च्या."

पद्मानं खूप खटपट केली. लाडू केले, जागा बदलली, मला उलटी टाकून पाहिली. पण पट्टे उलट्या बाजूनंही दिसतातच ना! कुणी आलं नाही. पुन्हा सगळे ओट्यांवर, एकेकटे. दुसऱ्या उन्हाळ्यात मास्तरांची बदली जाम गावाला झाली. निघताना पद्मानं मला शाळेच्या व्हरांड्यात खुंटीवर ठेवलं आणि भागीरथाआजीला म्हणाली, "दर बाजाराला टाका. येईल कुणी ना कुणी."

आजी टाकायची. सगळं गाव गेलं की काठी टेकत यायची, मला ओढून कडुलिंबाखाली पसरायची, काठाच्या पट्ट्यावर बसायची आणि बोलायची. चहा नाही, काही नाही. "नत्थूजी, सरक थोडा तिकडं," म्हणायची. मी फक्त दबायची. जंगलूजी म्हणाले होते दबत नाई, पण त्या एका म्हातारीच्या वजनानं मी दबले.

मग एका बाजाराला ती आली नाही. मी खुंटीवर वाट पाहिली. पुढच्याही बाजाराला आली नाही. तेव्हा कुठं कुणाच्या तरी लक्षात आलं की तिच्या दाराला आतून कडी आहे. किती दिवस झाले होते, कुणालाच सांगता येईना. तिची तेरवी झाली नाही. करणारं कोण होतं? दार फोडलं त्या दिवशी रामबाई आणि सोनबा शाळेच्या अंगणात आले आणि कडुलिंबाखाली नुसत्या मातीवर बसून राहिले. चार हातांवर मी खुंटीला होते. मला कुणी खाली काढलं नाही.

नंतर खुंटी मोडली, मी खाली पडले, आणि कुणीतरी मला उंबऱ्याशी सरकवलं. आता तुम्ही पाय पुसता. पुसा, माझं काही म्हणणं नाही. फक्त त्या तांबड्या टाक्यांवर नको. तेवढंच एक उरलंय माझ्याजवळ.

आणि मित्रांनो, घंटा झाली, माहीत आहे, पण एवढं ऐकाच. तुमच्या ओट्यावरही कुणीतरी राखण करत बसलंय. जाऊन त्यांना बोलवा. कशाला म्हणून विचारतील. तेरवी कोणाची, म्हणतील. सांगा, कोणाचीच नाही. ते हसेपर्यंत थांबा, मग शेजारी बसा. आणि कुणी गेलं तर त्याची जागा मोकळी ठेवू नका रे. तिथं तुम्ही बसा!

ऐकलं का कुणी? अहो, निदान एकानं तरी...

गेले. बंड्या निघाल्या. समोरच्या ओट्यावर रामबाई बसली आहे, आणि तिच्यापर्यंत माझा आवाज पोचत नाही.